विमानवाल्याची एकादशी

परक्याच्या वस्तूवर पाय देऊ नये, एवढी साधी रीत त्या माणसाला नव्हती. पाय कसला, चाक दिलं! मी अन् बानं बारा दिवस खपून शिवलेलं शीड घिवलीच्या किनाऱ्यावर पसरलं होतं. त्यावरून हा आपलं दुमजली पंखांचं पिवळं विमान घेऊन गेला, अन् शिडाच्या मेखेला अडकून थांबला.

सन चौसष्ट. मी एकोणीस वर्षांची. तोंडानं तेव्हाही अशीच.

"ओ विमानवाले! एवढं आभाळ पडलंय, तुमाला आमचंच शीड दिसलं?"

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. डोळ्यांभोवती तेवढा गोरा, बाकी सगळा तेलानं काळा. "इंजिन रुसलं... शीड बघून वाटलं, कुणी पायघड्या घातल्यात."

खालच्या पंखाचं कापड हातभर फाटलं होतं. कापड! मला हसूच फुटलं. शिडाची सुई काढली, बाचा दुहेरी टाका घातला.

"टिकेल?"

"वादळात शीड टिकतं. तुमी तेवढे नीट चालवा."

"पुढच्या खेपेला बसून बघा की."

बसले. वर नेऊन त्यानं विमान पार उलटं केलं. समुद्र डोक्यावर, आभाळ पायांखाली... मी किंचाळले. खाली आल्यावर मीच म्हणाले, "परत."

एकनाथ त्याचं नाव. नाशिककडचा बामण. घरच्यांशी भांडून ते जुनं विमान घेतलेलं, त्याचं असं दुसरं काही नव्हतं. जुहूवरून ओहोटी बघून यायचा. वाळू घट्ट असली की मी लाल लुगडं पसरायची, मगच तो उतरायचा. एक दिवस वाळूत रेघा ओढत म्हणाला, "तुझ्या बाला... विचारू?"

"मीच विचारते. तुमी विमानाच्याच गोष्टी सांगत बसाल."

"हो म्हणाला तर?"

"तर लुगडं. नाय म्हणाला तर मोकळी वाळू. एकादशीला या, दुपारची ओहोटी असते."

बा माळकरी. दोन दिवस तोंड फुगवून बसला, मग म्हणाला, "बामण तर बामण. एकादशी तरी पाळत असंल."

एकादशीच्या आदल्या दिवशी मी वरीचे तांदूळ आणायला तारापूरच्या बाजारात गेले. परत आले तर शेजारची हिरा दारात उभी. "तुजं विमान आलं होतं गं. तीन घिरट्या मारल्या... गेलं."

"आज? आज कशाला?"

दुसऱ्या दिवशी लुगडं पसरलं. भरतीचं पाणी पदराला लागेपर्यंत बसून राहिले.

पुढं अणुवीजघराच्या कामाचं कुंपण वाढलं. पोलीस सांगून गेला, इथं विमान उतरवायचं नाही. मी म्हटलं, नको उतरू दे. बोईसरला गाडी थांबते, तिथून एस.टी. येते. दोन वर्षं त्या एस.टी.कडे बघितलं. मग चिंतूशी लग्न केलं. भला माणूस, कधी जास्त बोलला नाही.

एकोणसत्तर साली एकनाथ त्याच एस.टी.तून उतरून आमच्या दारात आला. माझ्या कडेवर मुलगी. तो तिच्याकडे बघत राहिला, मग पिशवीतून पंखाचं हातभर कापड काढलं. विमान मोडीत गेलं होतं. टाका जसाच्या तसा.

मी हात पुढं केला नाही.

"त्या दिवशी लुगडं नव्हतं," तो म्हणाला.

"कोणत्या दिवशी?"

"एकादशीला."

मी मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "तुमची स्मार्त. आमच्यात भागवत पाळतात. त्या खेपेला ती दुसऱ्या दिवशी होती... मी भरतीपर्यंत बसले होते."

तो ओटीच्या पायरीवर बसला. कापडावरून बोट फिरवत राहिला, माझ्या टाक्यावरून. त्याला आजवर मी एकेरीत बोलले नव्हते. तेव्हा बोलले.

"आभाळात डोकं खाली करायला तुला भ्या वाटलं नाय, एकनाथ. खाली उतरून माज्या बाला एक शबूद विचारायला वाटलं. पंचांगाला दोष देऊ नको. भित्रा हायस तू."