अकरा दिवस वाट पाहिली

बसा रे, इथेच बसा. तन्मय, तो फोन उलटा ठेव. आपल्याच बिशानच्या ब्लॉकमध्ये, बाराव्या मजल्यावर प्रबोध राहतो ना, बँकेतला? त्याच्या बाबतीत घडलेलं सांगतो. त्याने स्वतः मला सांगितलंय.

दोन हजार चोवीसचा जुलै. तेरा तारीख, शनिवार. प्रबोध, त्याची बायको प्रणिता आणि सात वर्षांची ऋता आयर्लंडला गेले होते, प्रबोधच्या मोठ्या भावाकडे. रवींद्र त्याचं नाव. त्यांची आई कोविडमध्ये पुण्यात वारली, तेव्हा तिच्याजवळ रवींद्रच होता. प्रबोध इथे सिंगापुरात अडकलेला, सीमा बंद. नंतर रवींद्र नोकरीसाठी तिकडे गेला.

त्या दिवशी रवींद्रने सगळ्यांना एका फार्मवर नेलं. कोकरांना बाटलीने दूध पाजायचं, ट्रॅक्टरच्या गाडीत बसायचं, आणि शेवटी उंच झुडपांच्या भिंतींचा भुलभुलैया. पोरगी खूश! निघताना कळलं, तिची पाण्याची बाटली भुलभुलैयातच राहिली.

"दादा, तुम्ही दोघं बसा गाडीत. आम्ही आलोच," प्रबोध म्हणाला.

रात्रीचे नऊ वाजून वीस मिनिटं. तिकडे उन्हाळ्यात तेव्हाही उजेड असतो, पण धुकं उतरायला लागलं होतं. आत माणूस नाही. ऋता पुढे पळाली, वळणावर दिसेनाशी झाली.

"ऋता, थांब!"

 मग झुडपापलीकडून तिचा आवाज आला. कुणाशी तरी बोलत होती.

"हो... नाही... हो, सांगते."

प्रबोध जागीच थबकला. ती पोर घरी कधी मराठीत बोलत नाही रे. आपण मराठीत विचारावं, तिने इंग्लिशमध्ये "डोन्ट वॉन्ट लाह" म्हणावं. आणि इथे... स्वच्छ मराठी.

तो धावला. एक वळण. बंद. दुसरं वळण. बंद. मध्ये फक्त पानांची भिंत. पलीकडे ऋता हसली.

मग शांतता.

तिसऱ्या वळणावर सापडली. एकटी. झुडपाकडे तोंड करून उभी.

"कोणाशी बोलत होतीस?"

"आजीशी."

"कुठली आजी?"

"तुझी आई." ती झुडपाकडेच बघत होती. "ती म्हणाली, बाबाला सांग... मी अकरा दिवस वाट पाहिली. रवीला रोज म्हणायचे, प्रबोधला बोलव. रवी म्हणायचा, बोलावलंय, पण तो येत नाही म्हणतो."

 त्याला दादाने सांगितलं होतं, आई झोपेत गेली. एका रात्रीत. त्रास झाला नाही.

अकरा दिवस?

त्याने पोरीला उचललं, जॅकेटची टोपी तिच्या डोक्यावर ओढली आणि पळत सुटला. बाटली तशीच राहिली. गाडीजवळ रवींद्र उभा होता.

"दादा, आई किती दिवस आजारी होती?"

"आता काय हे..."

"किती दिवस?"

रवींद्रने मान खाली घातली. 

"अकरा."

"मला का नाही कळवलंस?"

"तू तिथून निघाला असतास तर तुला परत आत घेतलं नसतं. तुझी नोकरी..."

"खरं सांग."

"समोर मी बसलेलो असायचो, प्रबोध. मी तिचं सगळं करत होतो. आणि ती..." त्याने गाडीच्या टपावर हात आपटला. "ती रोज फक्त तुझंच नाव घ्यायची."

"आणि तू तिला सांगितलंस, मी येत नाही म्हणतो?"

रवींद्र गाडीचं दार उघडायला लागला.

"ती हे मनात धरून गेली, दादा... मी येणार नाही म्हणालो, हे धरून."

त्या रात्री प्रबोध भावाच्या घरी गेला नाही. टॅक्सी बोलावून गावातल्या हॉटेलात उतरला. दोघा भावांचं आजतागायत बोलणं नाही.

खोलीत शिरल्यावर प्रणिताने ऋताचं जॅकेट काढलं. टोपी मागे सरकली... आणि ती तशीच उभी राहिली.

"प्रबोध, सकाळी मी हिला नुसता रबरबँड लावला होता."

पोरीच्या पाठीवर वेणी होती. चौपेडी. घट्ट. प्रणिताला तसली घालता येत नाही; प्रबोधची आई घालायची.

आणि केसांतलं तेल... अजून ओलं होतं.