रचनाची झोप

ही गोष्ट खरी आहे. पटवून देत बसायचा मला कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सांगतो. रचना माझी सख्खी मामेबहीण. घडलं ते मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात, रामपायलीला तिच्या आईच्या घरी, गेल्या दिवाळीनंतर धान कापणीच्या दिवसांत.

आणि रात्री नाही. भर दुपारी.

रचना वर्षभर परदेशात फिरत होती. लॅपटॉपवर काम करायचं, एका देशात थोडे दिवस काढायचे, की बॅग उचलून पुढच्या देशात. व्हिएतनाम, जॉर्जिया, तुर्कस्तान. तिचे फोटो बघून आम्ही जळायचो.

पण पोरीची झोप पार उडाली होती. रोज नवी गादी, नवं छत. डोळा लागला की दचकून जाग. शेवटी तिनं ठरवलं, आता थोडे दिवस फिरणं बंद. आईकडे जायचं आणि फक्त झोपायचं.

ती पोचली तेव्हा तिची आई, माझी अनुसयामामी, वावरात होती. आमच्याकडे लांबून आलेल्या माणसाला असंच घरात घेत नाहीत. दारात थांबवतात, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात, पायावर पाणी घालतात. मागं काही लागून आलं असेल तर ते बाहेरच राहावं म्हणून.

रचनाला कुठला धीर? मागच्या दाराची कडी काढून ती आत गेली आणि खाटेवर आडवी झाली.

झोप आलीच नाही.

मामी आल्यावर, रचना ओवाळून न घेता आत आली म्हणून चिडली. मग लेक घरी आल्याच्या आनंदात विसरूनही गेली.

दुसऱ्या दुपारीही तेच. कूस बदलून बदलून रचना वैतागली आणि चंदन नदीवर देवळाच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. संध्याकाळी परतली तर मामी खुशीत. म्हणे, किती गाढ झोपली होतीस, घोरत होतीस, म्हणून चहाला उठवलं नाही.

आई थट्टा करते आहे, असं रचनाला वाटलं.

तिसऱ्या दिवशी नदीवरून आल्यावर तिनं खाटेवर हात ठेवला...

चादर गरम होती.

शेजारच्या जिजाबाईनंही खिडकीतून तिला झोपलेलं पाहिलं होतं. आता मात्र रचनाचं डोकं फिरलं. इथे डोळे जळतायत, कपाळ ठणकतंय, आणि अख्खी गल्ली तिच्या झोपेचं कौतुक करते आहे! मी घरात नव्हतेच, हे तिनं आईला चारचारदा सांगितलं. मामीनं तिच्या गालावरून हात फिरवला.

"झोपेत तुझा चेहरा कसा भरलेला दिसते. अन् संध्याकाळी असा काहून उतरते वं?"

भीती नंतर वाटली. आधी आला तो संताप. माझी आई, माझी खाट, आणि माझी झोप दुसरंच कोणी घेऊन राह्यलं. एकदा पकडायचंच, असं तिनं ठरवलं.

चौथ्या दिवशी ती नदीकडे निघाली आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरली.

गल्लीत कोणी नव्हतं. सगळे वावरात. मामी तेवढी पायरीवर अंगणाकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली होती.

आणि आतून...

घोरण्याचा आवाज येत होता. संथ. सुखाचा.

पावलं ऐकून मामी मागे न बघताच म्हणाली, "जिजाबाई, हळू ये वं. रचना झोपली हाये."

"आई, मी आहे."

मामीचा हात सुपात थांबला.

घोरणंही थांबलं.

खाट करकरली... आणि आतून रचनाचाच आवाज आला. मोबाइलमध्ये आपला आवाज ऐकावा तसा, थोडा परका. पण तिचाच.

"आई, कोन आलं?"

मामीनं मान वळवली नाही. फक्त एक हात पाठीमागे आणला आणि बोटं हलवली. जा. जा इथून.

"कोनी नाही, बाई," ती आत बघत म्हणाली. "झोप तू."

पासपोर्टची पिशवी रचनाच्या कमरेलाच होती, फिरून फिरून लागलेली सवय. ती अंगावरच्या कपड्यांनिशी सडकेपर्यंत पळाली आणि मिळेल त्या बसनं वारासिवनी गाठली.

आता ती आर्मेनियात आहे. झोप अजून नाही. घरी येते म्हटलं की मामी फोनवर आवाज खाली करते. "आत्ता नको येऊ. आत्ता कुठं डोळा लागला तिचा."

रचना मला एकच विचारते, आणि विचारताना रडते. आईनं तो हात मला वाचवायला हलवला, की तिची झोप मोडू नये म्हणून?

जाऊन बघायला हवं, कळतं मला. दोनदा वारासिवनीपर्यंत गेलोही. पुढची बस काही पकडली नाही.