कट म्हणायचं राहिलं

संकलकाची कंबर गेली होती, डोळे जायच्या वाटेवर होते आणि सिनेमा अजून हवा त्यापेक्षा बारा मिनिटं लांब होता. एकोणतीस वर्षं एकाच खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या चुका कापल्या की माणूस असाच पिकतो. खोलीला एक खिडकी होती, पण पडद्यावर उजेड नको म्हणून तिला कायमचा काळा कागद लावलेला.

सिनेमा एका बापाचा. मुलगी नदीत वाहून गेलीय आणि हा दाराकडे तोंड करून खुर्चीत तिची वाट बघतोय. नटाला आजवर सगळे पाठीमागे 'ओंडका' म्हणायचे. या शेवटच्या शॉटमध्ये मात्र ओंडक्याला पालवी फुटली होती. नुसता बसलाय, एका हाताने दुसऱ्या हाताचा अंगठा चोळतोय, आणि बघणाऱ्याची नजर त्या अंगठ्यावरून हलत नाही.

"यातली एक फ्रेम कापलीस तर याद राख," दिग्दर्शकाने बजावलं होतं. "बक्षीस इथंच आहे."

शॉट चार मिनिटं अकरा सेकंदांचा होता. संकलकाने सोमवारी तसं वहीत टिपलं होतं. गुरुवारी तो चार मिनिटं चाळीस सेकंदांचा भरला. त्याने चष्मा पुसून पुन्हा मोजला. वाढलेल्या सेकंदांत नट तसाच बसलेला होता, फक्त जास्त थकलेला. आपलंच वय झालं, म्हणून संकलकाने मशीन बंद केलं.

शुक्रवारी दुपारी नटाची बायको आली. मांडीवरची पिशवी तिने शेवटपर्यंत खाली ठेवली नाही.

"भाऊजी, शूटिंग संपून महिना झाला. हे खुर्चीतून उठत नाहीत. भरवलं तर खातात. दाराकडे बघत अंगठा चोळत बसतात. लग्नापासून मला 'चिमणे' म्हणतात, पण महिन्यात एक हाक नाही."

"डॉक्टर काय म्हणाले, वहिनी?"

"थकवा." तिने पिशवी जवळ ओढली. "त्या दिवशी कट कोणी म्हटलं होतं हो?"

त्याने कानाला हेडफोन लावून शॉटचा शेवट ऐकला. दिग्दर्शकाचा हुंदका. पावलं. दार लागल्याचा आवाज. सगळे डोळे पुसत बाहेर गेले होते, आणि मेमरी कार्ड भरल्यावर कॅमेरा आपोआप थांबला होता. कट कोणीच म्हटलं नव्हतं. आणि नट जुन्या वळणाचा. कट ऐकल्याशिवाय जागचा हलायचा नाही. एकदा मागचा पडदा पेटला तरी हा बसून होता, असा युनिटमधला जुना विनोद होता. आज संकलकाला हसू आलं नाही.

"दिग्दर्शकाला सांगितलंत?"

"ते म्हणाले, बक्षिसापर्यंत राहू द्या असेच. मुलाखतीत छान दिसेल."

संकलक कंबरेला हात लावून उठला आणि तिच्याबरोबर घरी गेला.

नट बाहेरच्या खोलीत होता. तोच अंगठा, तीच नजर. संकलकाने घसा खाकरला. आयुष्यभर कट केलेल्या माणसाने हा शब्द तोंडाने कधी म्हटला नव्हता.

"कट."

अंगठा थांबला. नटाने लांब श्वास घेतला, आळस दिला आणि हसला. "कसा झाला?"

ती दाराची चौकट धरून रडायला लागली. संकलकाला कित्येक दिवसांनी हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. आवाज दबलेला.

"पोटभर जेवले. छान बोलतात. पण मला 'बाई' म्हणतात, भाऊजी. आणि सारखं विचारतात, मुलगी अजून कशी आली नाही?"

"मग?"

"आम्हाला मूलच नाही हो."

संकलकाने शॉट लावला. पाच मिनिटं दोन सेकंद.

खुर्चीतला माणूस आता दाराकडे बघत नव्हता. सरळ समोर बघत होता. ओठ हलत होते, आवाज नव्हता. पण ओठांवर शब्द बसवण्यात संकलकाचा जन्म गेला होता.

चिमणे.

फोन वाजला. दिग्दर्शक होता. "परीक्षकांना काल हा शॉट दाखवला! म्हणाले, इतका दमलेला माणूस पडद्यावर कधी बघितला नाही. हात लावू नकोस."

पाच मिनिटं नऊ.

संकलकाने पडद्याजवळ तोंड नेलं. "कट," तो म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला.

खुर्चीतला माणूस कान देऊन वाट बघत राहिला.