लेस बांधून होईपर्यंत

सिन्नेला शेवटची बस गाठायची होती, आणि दारात एक उंच माणूस ठाण मांडून बसला होता.

मैत्रिणीच्या घरची मेजवानी आटोपत आली होती. दाराजवळच्या अरुंद बोळात एकावर एक लटकलेले कोट, खाली वितळत्या बर्फानं ओल्या झालेल्या बुटांचा ढीग... आणि त्या ढिगाच्या मधोमध बाकड्यावर बसून तो आपल्या डोंगरी बुटाची लेस बांधत होता. एकेका आकड्यात अडकवायची, ओढायची, मान तिरकी करून बघायची. घाई नावाची गोष्ट त्याच्या गावीही नव्हती.

"बाजूला सरकतोस का? मला जायचंय."

"मलाही." त्यानं मिश्कीलपणे वर पाहिलं. "पण मी सावकाश जातो."

"ते दिसतंयच. मुक्काम करणार आहेस का इथं?"

"कोणी थांब म्हणालं तर बघू. तसं म्हणायला माणसाला वेळ नको का द्यायला?"

"आणि कोणी म्हणालंच नाही तर?"

"तर निदान लेस नीट बांधून होते."

सिन्नेला हसू आलं. बस तर एव्हाना गेलीच होती. ती त्याच्या शेजारी टेकली आणि स्वतःचे बूट उगाचच हळूहळू चढवू लागली. त्याचं नाव वेत्ले, दूर उत्तरेच्या त्यांच्या हामरफेस्ट गावच्या नाटक मंडळीत तो नट होता. ती नाटकं लिहिते हे कळल्यावर तो म्हणाला, "मग मला एखादं काम दे. संवाद कमी असले तरी चालतील."

तिनं खरंच दिलं. त्या हिवाळ्यात तिनं लिहिलेल्या नाटकात नवरा, म्हणजे वेत्लेच, घर सोडून निघतो. दाराजवळ बसून बुटाच्या लेस बांधतो. बायको भिंतीला हात टेकून उभी असते. एक शब्द बोलली तर तो थांबेल हे दोघांनाही कळत असतं... ती बोलत नाही. लेस शेवटच्या आकड्यात अडकते, दार लागतं, पडदा.

तिच्या आज्या-पणज्यांच्या काळापासून तिच्या देशातली नाटकं अशीच बंद खोल्यांतून घडत आली. आधी नवरा-बायको तावातावानं भांडायची, पुढच्या पिढीत टोचून बोलू लागली, मग वाक्यं आखूड होत गेली. सिन्नेपर्यंत येईतो दोन शब्दांमधल्या रिकाम्या जागाच काय त्या उरल्या होत्या. समीक्षक त्या जागांवर खूश होते.

नाटक परदेशी निघालं. लिस्बनच्या दिग्दर्शकाचा वैतागून फोन आला, "आमच्याकडे लोक बूट घालूनच घरात वावरतात. नवरा उठेल आणि जाईल, मग शेवटच्या प्रवेशाचं मी काय करू?" सापोरोत मात्र लोक दारातच बूट काढतात, तिथं काही समजावून सांगावं लागलं नाही, प्रेक्षक रडले. प्रयोगांच्या चित्रफिती येत, आणि रविवारी सिन्नेच्या स्वयंपाकघरात दोघं कॉफी पीत त्या बघत. मग वेत्ले निघायचा. दारात बसून सावकाश, फार सावकाश लेस बांधायचा. सिन्ने त्याचा कोट हातात धरून उभी राहायची आणि शेवटी म्हणायची, "जपून जा, रस्ता निसरडा आहे."

पुण्याच्या दिग्दर्शिकेची अडचण आणखी वेगळी होती. "आमच्याकडे दारात चपला काढतात," तिनं कळवलं, "पण घालायला काही वेळच लागत नाही हो." काही महिन्यांनी चित्रफीत आली. नवरा निघतो तर एक चप्पल सापडत नाही. तो खाली वाकून शोधतो, प्रेक्षक हसतात. बायको मुकाट बसलेली... आणि चप्पल तिच्या पदराखाली. हसू हळूहळू विरत जातं. शेवटी ती स्वतःच उठून चप्पल त्याच्या पायाशी ठेवते.

"ही बाई आवडली मला," वेत्ले म्हणाला. "हिनं काहीतरी केलं तरी."

"तीही गप्पच होती की."

"होती. पण चप्पल तिच्याकडे होती." तो कपाकडे बघत राहिला. "दोन हिवाळे मी त्या लेस बांधतोय, सिन्ने. दर खेपेला वाटतं, आज ती बोलेल."

"कशी बोलेल? मी लिहिलंच नाहीये तसं."

"मी नाटकातल्या बाईबद्दल बोलत नाहीये."

सिन्नेनं कप उचलले आणि विसळायला घेतले. पाठ फिरवता आली याचं तिला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची लाजही वाटली.

पुढच्याच आठवड्यात त्याला कोपनहेगनच्या नाट्यगृहानं दोन वर्षांसाठी बोलावलं. त्यानं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "छान झालं."

दोन महिन्यांच्या अंधारानंतर सूर्य परत येतो, त्याच दिवशी दुपारच्या बोटीनं तो दक्षिणेला निघणार होता. निरोप घ्यायला आला तो त्या दिवशी खातात ते जॅम भरलेले गोड पाव घेऊनच. स्वयंपाकघराच्या भिंतीवर उन्हाची बोटभर पट्टी उमटली... सरकली... गेली. दोघंही तिच्याकडेच बघत होते. वेत्ले जॅमचे हात धुवायला वळला, तशी सिन्ने दाराजवळच्या बोळात गेली.

मग तो दारात येऊन बसला. नेहमीप्रमाणे मान खाली घालून उजव्या बुटाची लेस बांधली. डाव्यासाठी हात पुढे केला, तर तिथं काही नव्हतं. त्यानं बाकड्याखाली पाहिलं, कोट बाजूला सारून पाहिलं. मग तो हळूहळू सरळ झाला.

"सिन्ने... माझा दुसरा बूट?"

ती भिंतीला हात टेकून उभी होती.

"खिडकीतून टाकला. बर्फात."

"का?"

"मला बोलता येत नाही म्हणून. सगळं जग म्हणतं, काय ती अर्थपूर्ण शांतता... कसला अर्थ, वेत्ले? मी भित्री आहे, बस. पहिल्या दिवशी तू असाच बसला होतास ना, तेव्हाच म्हणायचं होतं मला – थांब. तू कोपनहेगनला जा, मी अडवत नाही. पण माझा होऊन जा. माझं प्रेम आहे तुझ्यावर."

धक्क्यावरून बोटीचा भोंगा ऐकू आला. वेत्ले खाली वाकून उजव्या बुटाची लेस सोडवू लागला.

"बोट चुकेल तुझी," ती पुटपुटली.

"उद्याही असते. तुझा होऊन जायचं तर एक दिवस तरी लागेलच ना?" त्यानं दुसरा आकडा सोडवला. "बूट वाळायला किती वेळ लागेल?"

"या हवेत? मे महिना उजाडेल."

तो हसला खरा, पण शेवटची गाठ काही त्याला सुटेना. सिन्ने त्याच्यासमोर खाली बसली, आणि ती गाठ तिनं सोडवली.