खेळाचा तास

पहिल्याच भेटीत तो माझ्यावर ओरडला, तेही अख्ख्या नववीसमोर.

आमचा कॉलेजातल्या मुलामुलींचा गट शाळांमधून फिरायचा. भीती वाटणं, झोप न लागणं, उगाच रडू येणं – हे लपवायचं नसतं, कुणाशी तरी बोलायचं असतं, एवढंच मुलांना सांगायचा. गटाची म्होरकी मी. त्या मंगळवारी मी फळ्यावर ‘ताण’ लिहिलं आणि दारात एक उंचच उंच मुलगा येऊन उभा राहिला. मैदानावर रेषा आखता आखता तसाच आला असावा, कारण हात कोपरापर्यंत फक्कीने पांढरे झाले होते.

“हा माझा तास आहे.”

“मुख्याध्यापकबाईंनीच आम्हाला दिलाय,” मी म्हणाले.

“त्या देणारच. गणिताचा देतील का? आठवड्यातून एकदा ही मुलं मोकळी पळतात. तेवढंही काढून घ्यायचं, आणि वर विचारायचं, बाळांनो, ताण का बरं येतो...”

मुलं खुदकन हसली. माझे कान तापले.

“आपण बाहेर जाऊन बोलू या का?”

“बाहेरच तर जायचं होतं आम्हाला,” तो म्हणाला आणि निघून गेला.

खेळाचे सर म्हणवून घेत होता, पण होता माझ्यासारखाच विद्यार्थी. खेळ शिकवायचं शिक्षण घेत होता आणि सरावासाठी या शाळेत आला होता. मुलं त्याला ‘शिडी सर’ म्हणायची. मी मनात बरंच काही म्हणायचे.

मग दर मंगळवारी आमचं ठरलेलं भांडण. तो जिन्यात उभा राहून मला वाट द्यायचा, जरा जास्तच वाकून.

“या, मन मोकळं करणाऱ्या बाई.”

“तुमचंही करून देऊ का? फार तुंबलंय.”

“माझं पळून मोकळं होतं. तुम्ही कधी पळता?”

“तुम्ही दिसलात की.”

तो हसायचा आणि मला आणखीच राग यायचा. हसताना तो बरा दिसायचा, ही तर शुद्ध दगाबाजी होती. घरी मी त्याच्या नावाने बोटं मोडायला लागले की आई शांतपणे म्हणायची, “आज सुरुवात करायला उशीर केलास. मला वाटलं, शिडीचं काही बिनसलं की काय.”

एकदा वर्ग आवरून मी त्याला चार शब्द सुनवायला मैदानावर गेले. शाळा सुटली होती, तरी तो चुकलेला खेळ भरून काढत होता. मी नळापाशी थांबले. आमच्या वर्गात तोंडातून अक्षर न काढणारी एक मुलगी धापा टाकत पाणी प्यायला आली. तोंड पुसलं आणि सहज म्हणाली, “ताई, आमच्या घरी आई-बाबा एकमेकांशी बोलतच नाहीत. सगळे निरोप मलाच द्यावे लागतात. माझं पोट दुखतं.”

आम्ही तिथेच बसून बोललो. जाताना तिने विचारलं, “पुढच्या मंगळवारी याल ना?” मी हो म्हटलं.

वर्गात मी इतकं घसा फोडून सांगितलं, आणि ती बोलली पळून दमल्यावर. शिडीचं बरोबर होतं. याच्याइतकं चीड आणणारं दुसरं काही नसेल.

पुढच्याच मंगळवारी मुख्याध्यापकबाईंनी मला खोलीत बोलावलं. आमचा उपक्रम त्यांना फार आवडला होता. “वर्षभर चालवा. आमच्या संस्थेच्या बाकीच्या शाळांतही चालवा. खेळाचा तास कायमचा तुमचा. त्या मुलाला सरावासाठी दुसरीकडे पाठवू.”

हेच तर मला हवं होतं. तरीही डोक्यात सणक गेली.

“बाई, दुसरा कुठलाही तास द्या. खेळाचा नको.”

“दुसरा मिळणार नाही.”

“मग आम्ही येणार नाही. मुलांचा श्वास कोंडायचा आणि त्यांना मोकळं व्हा म्हणायचं, हे मला जमणार नाही.”

“जशी तुमची इच्छा,” बाई म्हणाल्या आणि फोन उचलला.

बाहेर येईपर्यंत डोळे भरून आले होते. रागानेच. तो पायऱ्या चढत समोर आला. आमचं सगळं बोलणं व्हरांड्यात ऐकू गेलं होतं.

“वेड लागलंय का तुला?” अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं होतं. “इतकी मेहनत... अशी सोडून देतात?”

“तुझा तास वाचला ना? मग ओरडतोस कशाला?”

“त्या मुलीला येते म्हणालीस. ती मघाशीच विचारत होती. काय सांगू मी तिला?”

“सांग, ताई शाळा सुटल्यावर फाटकाशी असेल. आजही आणि दर मंगळवारी. मी दिलेला शब्द मोडत नाही.”

“सांगतो,” तो म्हणाला. पण कपाळावरची आठी काही जाईना.

“आता काय राहिलं?”

“राहिलंय...” त्याने मान वळवली. “आता जिन्यात भांडायला तू नसशील. त्याचाच राग आलाय मला. मंगळवारची वाट बघायची सवय लागलीय... आणि ती तासासाठी नव्हती.”

मी डोळे पुसले. रडवेलं तोंड घेऊन हे ऐकावं लागलं, याचाही राग आलाच.

“शाळेत यायला बाईंची परवानगी लागते,” मी म्हणाले. “तुला भेटायला कुठे लागते?”