हरीराचे दोन वाडगे

"पोरी, त्याच्याच खुर्चीवर बसणार का तू?"

नोकरीच्या पहिल्याच सकाळी जिन्याखाली विआमला हा प्रश्न आला. विचारणारी रकिया, इमारतीच्या रखवालदाराची बायको. कासाब्लांकातल्या त्या जुनाट इमारतीत चौथ्या मजल्यावर वेबसाइट बनवणारी चार-पाच माणसांची कंपनी होती, आणि विआम तिथली नवी डेव्हलपर.

"कोणाच्या खुर्चीवर, मावशी?"

"आयमानच्या. वर कुणी सांगितलं नाही? गच्चीवरून पडून मेला. रमजान लागला त्याच आठवड्यात. आणि पोलिसांनी माझ्या नवऱ्याला धरून नेलंय."

आधीचा मुलगा अचानक सोडून गेला, एवढंच मुलाखतीत मालक अन्वर म्हणाला होता; सगळे त्याला आदराने सी अन्वर म्हणत. सोडून गेला! माणूस मेला तरी यांची भाषा नोकरीचीच.

"नक्की काय झालं?"

"संध्याकाळची अजान सुरू झाली आणि अंगणात धप्पकन आवाज झाला. सगळी गल्ली उपवास सोडायला घरी गेलेली. इमारतीत तिघंच. वर आयमान आणि सी अन्वर, खाली माझा लहसन."

"लहसनबाबांचं आणि आयमानचं भांडण होतं?"

"मोटरसायकल दारात लावतो म्हणून रोज व्हायचं. आणि रमजानात संध्याकाळी उपवास दोघं एकत्रच सोडायचे. त्या दिवशी लेकीकडे जाताना हरीरा सुपाचे दोन वाडगे मांडून गेले होते मी. परत आले तर दोन्ही भरलेलेच."

"आणि सी अन्वर?"

"ते म्हणे कॉम्प्युटरवर फ्रान्सच्या बाईंशी बोलत होते. पोलिसांनी बाईंना फोन लावला. सहा ते सात माझ्यासमोर होते, म्हणाल्या. अजान साडेसहाची. मग उरला कोण? माझा म्हातारा!" तिने डोक्यावरच्या रुमालाने डोळे टिपले. "ईदच्या आत खटला उभा राहील म्हणतात. या वयात तो तुरुंगातून जिवंत येणार नाही गं."

विआम वर गेली. आयमानच्या खुर्चीवर बसली, कारण दुसरी खुर्चीच नव्हती.

त्याचं अर्धवट काम तिच्या गळ्यात आलं. एका दवाखान्याची वेबसाइट. ती चाळताना तिला एक विचित्र गोष्ट दिसली. रुग्ण आपल्या आजाराची जी माहिती भरत, तिची एक प्रत गुपचूप भलत्याच पत्त्यावर जात होती. बाजूला आयमानने शेरा मारला होता : हे कोणी घातलं? सी अन्वरला विचारणे.

तिने कुणाला काही विचारलं नाही. नव्या माणसाने तोंड बंद ठेवलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी मात्र तिने माती खाल्ली. फ्रान्सच्या त्याच बाई, लियोंच्या मादाम मारेशाल, यांच्याबरोबर अकराला कॉम्प्युटरवर बैठक होती. विआम बरोबर अकराला कॉम्प्युटरसमोर बसली. समोर कुणीच नाही.

सी अन्वर केबिनमधून ओरडतच आला. "अक्कल गहाण ठेवलीस का? रमजानात आपलं घड्याळ तासभर मागे जातं, त्यांचं नाही! त्यांचे अकरा म्हणजे आपले दहा. बाई वाट बघून गेल्या."

"चुकले, सी अन्वर. हिवाळ्यात दोन्हीकडे वेळ सारखीच असते, म्हणून..."

"मला शिकवू नकोस. फोन कर आणि माफी माग!"

सगळे खाली मान घालून बसले. विआमने फोन लावला.

मादाम मारेशाल भली बाई निघाली. "असू दे. तुमच्यावर केवढा प्रसंग आला. त्याच संध्याकाळी अन्वर माझ्याशी बोलत होते हो. इथे अंधारून आलं होतं आणि त्यांच्या डोळ्यांवर ऊन येत होतं. पडदा ओढायला उठलेसुद्धा."

"ऊन?" विआम म्हणाली. तिने फोन ठेवला आणि लगेच पोलीस चौकीला लावला.

त्याच दुपारी इन्स्पेक्टर बूशाइब कंपनीत आला. उपवासात सिगरेट बंद, म्हणून आधीच कातावलेला. विआमने रकियालाही वर बोलावलं होतं.

"बोल पोरी. पोलिसांचा वेळ फुकटचा नाही."

"मादामनी तुम्हाला बोलण्याची वेळ कुठली सांगितली?"

"सहा ते सात. मी स्वतः विचारलंय."

"कुठले सहा, साहेब?"

बूशाइबने खिशातून वही काढून पाहिली.

"त्या लियोंत बसल्यात. त्यांनी त्यांचे सहा सांगितले. एरवी या दिवसांत ते आपलेही सहाच असते. पण घड्याळं नुकतीच मागे गेली होती. त्यांचे सहा ते सात म्हणजे आपले पाच ते सहा. म्हणून तर खिडकीत ऊन होतं. मावळतीच्या अजानेला ऊन कुठून येणार? बोलणं संपलं तेव्हा आयमान अजून जिवंत होता."

"हा मूर्खपणा आहे," सी अन्वर म्हणाला. "मी कधी कुठली वेळ सांगितलीच नाही. साहेबांनी विचारली ती बाईंना."

"तुम्ही म्हणालात, अजानेच्या वेळी मी बाईंशी बोलत होतो. साहेबांची चूक तुम्हाला दिसली आणि तुम्ही ती राहू दिलीत. माझी तीच चूक मात्र आज सकाळी सगळ्यांदेखत दुरुस्त केलीत." विआमने आयमानचा शेरा स्क्रीनवर उघडला. "दवाखान्याची माहिती चोरून कुठे जाते, हे आयमानने तुम्हाला विचारलं होतं ना?"

सी अन्वरने बूशाइबकडे पाहिलं, मग दाराकडे. दारात रकिया उभी होती.

"फक्त गप्प बस म्हटलं होतं मी त्याला," तो पुटपुटला. "सकाळी दवाखान्यात जाऊन सांगतो म्हणाला. गच्चीवर मोकळं बोलू म्हणून नेलं. ऐकेचना."

लहसन दोन दिवसांनी सुटला. कंपनीला तोवर कुलूप लागलं होतं, आणि विआम आपलं सामान न्यायला आली होती. जिन्याखाली म्हातारा बसला होता, गालफडं बसलेली. सूर्य मावळतीला आला होता.

रकियाने सवयीने दोन वाडगे मांडले, आणि मांडल्यावर तिच्या लक्षात आलं. ती एक उचलू लागली तशी लहसनने तिचा हात धरला.

"त्या दिवशी वर जाऊन हाक मारायला हवी होती मी त्याला. म्हटलं, येईल मेला, भूक लागली की." तो रडू लागला. मग वाडगा त्याने विआमपुढे सरकवला. "तुझीही नोकरी गेली ना, पोरी? बस. हरीरा गार होतोय."

अजान सुरू झाली. विआम आयमानच्या जागी बसली.