पहिल्या रांगेतला हात

“चार ओळी, अप्पा! फक्त चार ओळी!” वरदन एवढ्या जोरात ओरडला, की खिडकीत ठेवलेला भात टिपणारा कावळा घास टाकून उडून गेला... आणि अप्पा? अप्पा ढिम्म! पितळी पेल्यातली कॉफी वाटीत, वाटीतली पुन्हा पेल्यात, अशी उंचावरून ओतत ते बसले होते, जणू समोर पोटचा मुलगा नव्हे, दारावर आलेला कुणी फेरीवालाच उभा होता.

वेदवल्लीने पाटी पुढे ओढली. लहान मुलांची असते तसली, लाकडी चौकटीची. ‘आज निरंजना गाणार आहे, वरदन म्हणतो तिच्यावर लिहा,’ एवढंच तिने लिहिलं. हट्टी म्हातारा, उभ्या जन्मात कुणाचं भलं केलं नाही, हे वरदनचं मधलं सगळं तिने नेहमीप्रमाणे स्वतःच गिळलं.

अप्पांनी वाचलं आणि ओठ मुडपले. “घरच्या माणसावर मी लिहीत नाही. एकदा लिहिलं, तेवढं पुरे!”

एकदा!... वेदवल्लीच्या हातातली पेन्सिल पाटीवर मोडली.

“अक्का, तू तरी सांग ना त्यांना!” वरदन बहिणीकडे वळला. “न्यू जर्सीहून पोरीला घेऊन आलोय मी. त्या संगीतसभेच्या पट्टू मामांच्या किती मिनतवाऱ्या केल्या, तेव्हा कुठे मार्गळीच्या संगीतमहिन्यातली एक दुपार पदरात पडली. आणि घरात समीक्षक असून पोरीवर ओळ नाही? विहिरीत राहून तहानेने मरायचं? बरं, धंदा तरी कसला हा! हल्ली लोक मैफल चालू असतानाच फोनवर ‘वा वा’ लिहून मोकळे होतात. यांचं परीक्षण छापून येईपर्यंत गाणाराही विसरलेला असतो आपण काय गायलो ते! कोण वाचतं? भजी बांधणारा?”

‘वरदन म्हणतो, जमल्यास पाहा,’ वेदवल्लीने लिहिलं.

ती स्वतः मात्र याहून पुष्कळ काही म्हणू शकली असती. समीक्षक! गाणाऱ्याने पहाटे उठून घसा झिजवायचा, आणि यांनी फुकटच्या खुर्चीवर बसून, फुकटची कॉफी पिऊन त्या घशाची किंमत ठरवायची! आयत्या पिठावर रेघोट्या ओढायचा याहून सोज्वळ उद्योग अख्ख्या मैलापुरात नसेल. आणि त्यावर पोट भरतं म्हणाल, तर वर्तमानपत्राचं मानधन कॉफीच्या पुडीपाशीच दम टाकी. घर चाललं ते वेदवल्लीच्या विमा कचेरीतल्या पगारावर. पण दारावरच्या पाटीवर नाव अप्पांचं, शाल अप्पांच्या खांद्यावर, आणि नव्या गायकांचे साष्टांग नमस्कार तेही अप्पांच्याच पायांवर! सौंदरराजन कुणाला भीक घालत नाही म्हणे... घरातून दर महिन्याला येणारी तेवढी मात्र बिनबोभाट घेत होते.

आणि ते ‘एकदा’? वेदवल्ली तेव्हा विशीत होती. याच संगीतसभेच्या मंचावर तिची पहिली मैफल झाली होती. खरहरप्रिया राग तिने असा उलगडत नेला, की तिची आई कनकम मांडीवर ताल धरायची विसरून नुसती रडत बसली. आणि पुढल्या शुक्रवारी पेपरात अप्पांच्या स्तंभात शेवटची ओळ छापून आली... ‘कुमारी वेदवल्लीपाशी आवाज आहे, गाणं अजून व्हायचं आहे. तोवर तिने देवघरात गावं, देव सोसतात.’

देव सोसतात!

त्या दोन शब्दांनी अप्पांना मोठं केलं. “बघा, पोटच्या पोरीलाही सोडलं नाही!” असं म्हणत अख्खं शहर त्यांच्या निःस्पृहपणापुढे लोटांगण घालू लागलं. वेदवल्लीने तंबोरा गवसणीत घातला. संगीताच्या घराण्यातून चालत आलेलं स्थळ हळूच मागे फिरलं. कनकमने मात्र त्या शुक्रवारनंतर नवऱ्याचा स्तंभ मरेपर्यंत वाचला नाही. ती ते पान कापून डाळीच्या डब्यांखाली अंथरायची. त्या लेखणीचा तेवढाच काय तो निर्मळ उपयोग या घराने पाहिला!

पुढे अप्पांचे कान गेले, अगदी सावकाश, आणि तेव्हा त्यांना ही देवांनी सोसायची मुलगीच आठवली. कानाला यंत्र लावलं तर लोकांना दिसेल, मग बहिऱ्या समीक्षकाला कोण विचारणार? म्हणून वेदवल्ली पहिल्या रांगेत त्यांच्या डाव्या हाताला बसे आणि त्यांच्या मनगटावर बोटांनी ताल देई. सूर लागला तर तळवा दाबायचा, घसरला तर नख. घरी येऊन पाटीवर ती बारकावे लिही, अप्पा त्यांत आपलं विष कालवीत, आणि मजकूर पेपराकडे जाई. पाटी पुसली की ताकास तूर लागत नसे. अप्पा मैफलीत डोळे मिटून, मान मागे टाकून बसत. लोकांना ती समाधी वाटे. कुणाशी बोलत नसत; लोकांना तो दरारा वाटे. गर्वाची ख्याती असली की माणसाचं बहिरेपण सहज झाकून जातं.

एक गोष्ट मात्र अप्पांना ठाऊक नव्हती. पहाटे दारापुढे कोलमची रांगोळी काढून झाली, की वेदवल्ली आतल्या खोलीत फोन टेकवून बसे, समोर पडद्यावर निरंजना असे, आणि त्या मंद उजेडात वेदवल्ली गात असे! इतक्या वर्षांनी, मोकळ्या गळ्याने... भिंतीपलीकडे बाप पेपर वाचत असे, आणि लेकीचा गळा जिवंत आहे हे त्याच्या गावीही नसे.

दुपारी सभागृहात गर्दी बरी होती. अर्धे लोक गाण्याला आले होते, अर्धे कँटीनचं पान मोकळं होईपर्यंत पंख्याखाली टेकले होते. या गावात मृदंगाचं स्वतंत्र वादन सुरू झालं, की रसिकांची रसिकता जी उठते ती थेट वड्यांपाशी जाऊन थांबते. संगीताची एवढी कदर दुसरीकडे कुठे सापडायची नाही.

निरंजनाने आदितालातल्या दोन रचना नीट पार पाडल्या. मग तिने डोळे मिटले आणि खरहरप्रिया आळवायला घेतला... वेदवल्लीच्या अंगावर काटा आला. तो तिचाच राग होता! तीच वळणं, तोच वरच्या षड्जाच्या उंबऱ्यावर क्षणभर रेंगाळून मागे फिरणारा सूर... कितीतरी वर्षं गवसणीत गुदमरलेलं तिचं गाणं परक्या मुलखात वाढलेल्या या मुलीच्या गळ्यातून बाहेर येत होतं! भरल्या डोळ्यांनी तिने अप्पांचं मनगट तळव्याने दाबलं. पुन्हा दाबलं. सगळं बळ एकवटून दाबलं.

अप्पांना खूण कळली. आणि अप्पांनी, डोळे मिटलेलेच ठेवून, सगळ्या सभागृहाला दिसेल अशी मान हलवली... नाही, नाही, जमलं नाही!

मागच्या रांगेत कुजबुज उठली. “पाहिलंत? नातीलाही सोडत नाहीत!” मंचावर निरंजनाचे डोळे उघडले होते. तिने आजोबांची मान पाहिली, आणि तिचा भरलेला सूर मधेच कापला.

त्याच क्षणी वेदवल्लीला सगळं कळलं. असंच! अगदी असंच घडलं होतं तेव्हाही! तिचं गाणं पडलं नव्हतं... बापाने आपली मान ताठ ठेवण्यासाठी लेकीच्या गळ्यावर पाय दिला होता! ज्या ओळीला खरं मानून तिने तारुण्य, संसार, गाणं सगळं वाहून टाकलं, ती ओळ खोटी होती!

तिने हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला.

निरंजनाने अत्तैकडे, आपल्या आत्याकडे पाहिलं. वेदवल्लीने मान डोलावली. पोरीने रचना उचलली. मिश्र चापू, सात मात्रांचा, ठुमकत चालणारा. आणि पहिल्या रांगेत, डोळे मिटून, समाधी लावून, सौंदरराजन मागच्या रचनेचा आदितालच मोजत राहिले! थाप, करंगळी, अनामिका, मधलं बोट... आठ मात्रा, ठाशीव, सगळ्यांना दिसतील अशा. वर सात, खाली आठ! मृदंगवादकाने व्हायोलिनवाल्याकडे पाहून ओठ चावला. मागच्या रांगेतल्या मामी पदरात हसू लागल्या. ज्या हाताकडे पाहून गाणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळायचं, त्या हाताकडे सगळं सभागृह बोट दाखवत होतं, आणि हाताच्या मालकाला पत्ता नव्हता.

अप्पांनी मनगट किंचित पुढे सरकवलं. चाचपडलं. वेदवल्ली हलली नाही. तिला आनंद होईल असं वाटलं होतं, झाला नाही. पण ती हललीही नाही.

कुणीतरी तो हात फोनवर टिपला होताच. संध्याकाळपर्यंत मैलापूर हसलं, आणि त्या शुक्रवारी स्तंभाच्या जागी दुसरंच सदर आलं... कोणत्या सभेच्या कँटीनमध्ये काय चांगलं मिळतं! संपादक बाईंनी वरदनला फोनवर गोड आवाजात सांगितलं, “तुमच्या वडिलांबद्दल आदर आहेच हो, पण लोक हे जास्त वाचतात.”

“छान झालं!” वरदन म्हणाला. “निदान डोसा कोणाच्या पोरीचं आयुष्य तरी नासवत नाही.”

 पाटी कोपऱ्यात कोरडी पडून राहिली. वेदवल्ली अप्पांना वेळेवर जेवायला वाढी, वेळेवर कॉफी देई आणि तोंड फिरवी. एकदा रात्री त्यांनी स्वतःच पाटी घेऊन तिच्यापुढे धरली. ‘दुरुस्ती छापा म्हणून पेपरला कळवलं. जागा नाही म्हणाले.’ कसली दुरुस्ती, हे तिने विचारलं नाही. त्या धंद्यातलं एक अक्षरही तिला आता नको होतं.

वरदन आणि निरंजना परत जायच्या आदल्या दिवशी चौघं संगीतसभेच्या कँटीनमध्ये जेवायला गेली. अप्पाच हट्टाला पेटले होते. “माझ्या जागी सदर लिहिणाऱ्या त्या पोरीने इथल्या रसमला नावाजलंय. खरं की खोटं, बघायला नको?” सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं मनात म्हणत वेदवल्ली त्यांच्या डावीकडे बसली. केळीची पानं मांडली होती, पंगत गच्च भरली होती. सेक्रेटरी पट्टू मामा हौसेने स्वतः रसमची बादली घेऊन वाढत होते, आणि येणाजाणारा प्रत्येक जण अप्पांच्या हाताकडे पाहून गालात हसत होता.

अप्पा लेकीच्या कानाशी झुकले. कुजबुजावं तसे ओठ जवळ नेले. पण स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू न येणाऱ्याला कुजबुज कुठली! त्यांचा आवाज गरजला तो थेट भटारखान्यापर्यंत.

“वेदा, त्या दिवशी तू खरहरप्रिया गायलीस ना... तसा मी आधी ऐकला नव्हता, नंतरही नाही!”

पंगत थबकली.

“घरी येऊन मी तेच लिहिलं होतं, पोरी. मग वाटलं, लोक म्हणतील सौंदरराजनने पोरीसाठी लेखणी विकली... म्हणून ते फाडलं आणि ते दुसरं लिहिलं. लेखणी विकली ती तेव्हाच! परवा माझ्या हाताने चुकीचा ताल धरला, तो सगळ्यांना दिसला. तुझ्या वेळी धरला, तो कुणालाच दिसला नाही गं... उलट वाहवा झाली माझी!”

“अप्पा, हळू!” वेदवल्ली कळवळून म्हणाली, आणि मग तिला आठवलं, त्यांना ऐकू येत नाही. तिने वर पाहिलं. सगळी पंगत हातातला घास हातात धरून ऐकत होती. पट्टू मामा बादली घेऊन उभेच होते. मागच्या रांगेतल्या त्याच मामी पदर डोळ्यांना लावत होत्या. पेपरात जागा नव्हती... आणि अप्पांच्या कोणत्याही परीक्षणाला एवढे कान आजवर मिळाले नव्हते!

“निरंजनाला तूच शिकवलंस,” ते अजून कुजबुजतच होते. “मला कळलं... तू मनगट एवढं कधी दाबलं नव्हतंस. तरी मी मान हलवली. सवय, वेदा, सवय!”

वेदवल्लीने त्यांचं मनगट धरलं आणि त्यात नख रुतवलं. जोराने, सगळ्या वर्षांचं. अप्पा कण्हले नाहीत, हातही काढला नाही. मग बऱ्याच वेळाने तिने त्याच जागेवर तळवा ठेवून दाबला.

“दोन्ही?” अप्पांनी विचारलं. त्यांच्या दाढीच्या पांढऱ्या खुंटांवरून पाणी ओघळत होतं.

“दोन्ही,” ती म्हणाली, आणि त्यांनी ते तिच्या ओठांवर वाचलं.

“अत्तै,” निरंजना हळूच म्हणाली, “गा ना.”

“इथे? रसम गार होतंय,” वेदवल्ली म्हणाली. पण तिचा स्वर आधीच लागला होता. तिने रचनेची पहिली ओळ उचलली, सात मात्रांत, अगदी हलकी... अप्पा डोळे उघडे ठेवून, जन्मात पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून तिच्या गळ्याकडे पाहत होते, आणि पानाशेजारी त्यांचा उजवा हात, कुणी न सांगता, सात मोजू लागला. कधी तो मागे पडे, तिच्या ओठांकडे पाहून पुन्हा जागेवर येई.

आतल्या ओळीतून कुणीतरी ओरडलं, “अहो, रसम कुठंय?” त्याला सगळ्यांनी गप्प केलं.